मंत्राला 'रद्द' नको, 'उतारा' म्हणा

म्हापशाहून एका वाचकांनी विचारले आहे: 'मॅजिक: द गॅदरिंग' या पानांच्या खेळाचे नियम मुलांसाठी मराठीत लिहितो आहे, मंत्र 'काउंटर' करणे (समोरच्याने पान खेळून टाकलेला मंत्र निष्फळ करणे) आणि 'कॉपी' करणे यांना 'रद्द' आणि 'प्रतिकृती' म्हटले तर चालेल का?

'रद्द' मुळीच चालणार नाही. 'तुझा मंत्र रद्द!' असे जिथे तिथे ऐकू येते आणि भांडण तिथूनच सुरू होते. तिकीट रद्द केले की माणूस पैसे परत मागतो. अरबीत रद्दचा अर्थच मुळी परत फिरवणे. खेळात यातले काहीच होत नाही. काउंटर झालेला मंत्र टाकलेलाच धरतात. खर्चलेला माना (मंत्र टाकायला लागणारी शक्ती) गेला तो गेला, पान हातात न येता मालकाच्या ग्रेव्हयार्डात, म्हणजे वापरून झालेल्या पानांच्या ढिगात जाते, आणि 'मंत्र टाकल्यावर अमुक होते' असे दुसऱ्या पानावर असेल तर तेही होतेच. मंत्राचा स्वतःचा परिणाम तेवढा होत नाही. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: उतारा. उताऱ्याने विंचू चावायचा राहत नाही, विष तेवढे उतरते.

गंमत अशी की हाच शब्द नकलेलाही चालतो. गोव्यात जमिनीचा 'एक-चौदाचा उतारा' काढतात, तोही उताराच. कोशकार या अर्थांना आकडे घालून मोकळे होतात. फार तर 'उतरणे म्हणजे खाली येणे' एवढे सांगता येईल. मला ते अपुरे वाटते. मूळ धातू संस्कृत 'तॄ', म्हणजे पार जाणे. नदी ओलांडायची ती तर आणि उतारू त्याच कुळातले. माझ्या मते दोन्ही उताऱ्यांत पार नेणेच आहे. मजकूर एका कागदावरून दुसऱ्यावर जातो. दृष्ट माणसावरून नारळावर जाते आणि नारळ तिठ्यावर ठेवतात. 'उतारा हा कचेरीतला शब्द, त्याचा दृष्टीशी काय संबंध' असे म्हणणाऱ्यांनी तिठ्यावरचा तो नारळ आठवावा.

पण नियमांच्या कागदावर एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर मुले गोंधळतील. काउंटरला उतारा, कॉपीला नक्कल. 'प्रतिकृती' पुतळ्यांसाठी राहू द्या.

नकलेचे मुख्य कलम हे: नक्कल 'टाकलेली' नसते, ती थेट चळतीवर (टाकलेले मंत्र परिणाम होईपर्यंत एकावर एक थांबतात तिथे) तयार होते. त्यामुळे 'मंत्र टाकल्यावर' घडणारे काही तिच्यामुळे घडत नाही, पण तिच्यावर उतारा मात्र चालतो. चळत वरून उलगडते, म्हणजे शेवटी आलेल्या मंत्राचा परिणाम आधी होतो. समजा तुम्ही 'लाइटनिंग बोल्ट' टाकला (एक लाल माना, 3 नुकसान). समोरच्याने त्यावर 'काउंटरस्पेल' टाकले (दोन निळे). तुम्ही 'ट्विनकास्ट' टाकून (दोन निळे) त्या काउंटरस्पेलचीच नक्कल केलीत. नक्कल सर्वांत वर बसते. तिचे लक्ष्य बदलून समोरच्याच्या मूळ काउंटरस्पेलवर लावा. ते निकामी होते आणि बोल्ट लागतो. चूक होते ती इथेच. लक्ष्य बदलायला विसरलात तर नक्कल मूळ लक्ष्यच धरून राहते आणि तुमच्याच बोल्टवर उतारा बसतो. नवे लक्ष्य निवडायचे ते ट्विनकास्ट उलगडताना. ते टाकताना नव्हे.

त्याऐवजी बोल्टचीच नक्कल केलीत तर ती आधी उलगडून 3 नुकसान करते. मागून मूळ बोल्टवर उतारा बसला तरी ते 3 परत जात नाहीत. शेवटी ग्रेव्हयार्डात पाने तीनच: बोल्ट, ट्विनकास्ट, काउंटरस्पेल. नकलेला पान नसते, ती चळतीवरून गेली की संपली.

आणखी एक. मंत्राची सगळीच लक्ष्ये नाहीशी झाली तर तो आता 'काउंटर' झाला असे म्हणत नाहीत. 2018 पासून नियम सांगतो की तो उलगडतच नाही. तिथे उतारा लिहू नका, 'वाया गेला' लिहा. 'या मंत्रावर उतारा चालत नाही' असे छापलेले पानही लक्ष्य गेले की वायाच जाते.