छत बसलं, पण काच बसेना

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडं मामांची १९७३ ची पोर्शे ९१४ आहे, सांगलीत मीच सांभाळतो. छताचं फायबरचं पॅनल काढून मागच्या डिकीत ठेवता येतं ती गाडी. सगळं बिडिंग रबर नवीन टाकलं तरी मिरज रोडला पाऊस गाठला की उजव्या काचेवरून बायकोच्या साडीवर पाणी येतं आणि ऐंशीच्या पुढं शिट्टी वाजते. मेकॅनिक म्हणतो काच अजून आत दाबू. दाबू का? उजवं दार पण हल्ली ओढून लावावं लागतं.

उत्तर : नका दाबू, काचेला अजून हातच लावू नका. तुमच्या पत्रातली महत्त्वाची ओळ शेवटची आहे.

या गाडीच्या दाराला काचेभोवती चौकट नाही, काच थेट छताच्या रबरावर टेकते, म्हणून दार हललं की काच पण हलणारच. आता दार का हललं असेल ते बघा. ९१४ ची बॅटरी इंजिनपाशी उजव्या बाजूला असते, तिचं ॲसिड वर्षानुवर्षं ठिबकून ट्रे खातं, मग खालचा सस्पेन्शनचा पत्रा आणि पुढं दाराखालची पत्र्याची पोकळ पेटी सडते, आणि छत निघणाऱ्या गाडीची ताकद सगळी त्या पेटीत आणि तळातच असते, ती गेली की गाडी मधून बसते आणि दाराची मागची फट वर आवळते, खाली फाकते.

गाडी सपाट जागी चार चाकांवर ठेवून ती फट वर-खाली पट्टीनं मोजा. पत्रा टणक असेल तिथंच फळी घालून जॅकनं उजवी बाजू थोडी उचला आणि परत मोजा. फट डोळ्याला दिसेल इतकी बदलली तर आधी पत्राकाम, आणि डेंटरला बजावून सांगा की पेटी कापायच्या आधी दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड कर, नाहीतर कापताकापताच बॉडी वाकते. साताऱ्यात अशी एक गाडी मी बघितलीय, पेटी नवीकोरी आणि दार मात्र कायमचं लागेना, फार वाईट वाटलं. बॅटरीचा ट्रे खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवून घ्या, ते आजच करा.

पत्रा ठणठणीत निघाला तर बिजागरी, मग लॉकचा खुंटा, मग छताचं पॅनल दोन्हीकडं सारखी फट ठेवून, आणि काच सगळ्यात शेवटी. दाराचं पॅड काढून आधी उंची लावा, मग कल. इथं बरेच जण फसतात, कारण काच वर-खाली सरकते त्या ट्रॅकचं खालचं टोक बाहेर सरकवलं की काचेची वरची कड आत येते. बोल्ट थोडेच ढिले करा, एका वेळी एखादा मिलिमीटर. रबर नवीन आहे तर काच वर करून गाडी तीन-चार दिवस उन्हात ठेवा, ते दबून बसलं की मगच शेवटचं सेटिंग.

तपासायला दहाची नोट काच आणि रबराच्या मध्ये धरून दार लावायचं आणि ओढायची, जरा अडत अडत निघाली पाहिजे. वीतभर अंतरावर सगळीकडं करा. कुठं निघतच नसेल तर काच जास्त दाबलीय, दार आपटलं की काच मशीनवर ताण येतो.

मग बाहेरून बारीक धारेनं पाणी, खालून वर चढवत, आणि आत वहिनींना टॉर्च घेऊन बसवा, पहिला थेंब कुठून येतो ते त्यांना आधी दिसेल.