बागेसाठी गुलाबी ट्यूलिपचे कोणते वाण घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की ॲमस्टरडॅमजवळ ॲमस्टेलवीनला घर घेतलंय, मागच्या बागेत लाल विटांच्या भिंतीलगत लांबट वाफा आहे, आई-बाबा एप्रिलच्या मध्यापासून महिनाभर राहायला येणार आहेत आणि आईंना गुलाबी फुलं आवडतात. दुकानात मात्र गुलाबी ट्यूलिपच्या इतक्या पिशव्या दिसल्या की काहीच ठरेना.

मी हॉलंडमध्ये बरीच वर्षं बाग करतेय. तुमच्यासारख्या बागेत मी पिशवीवरचा फोटो बाजूला ठेवून आधी भिंतीचा रंग आणि फुलण्याची तारीख बघेन.

आधी भिंतीबद्दल. ट्यूलिपमधले गुलाबी रंग ढोबळमानाने दोन बाजूंना झुकतात, काही अबोलीकडे तर काही गुलबक्षीकडे. अबोलीकडे झुकणारे, म्हणजे 'ॲप्रिकॉट ब्यूटी', 'मेंटन', 'सामन व्हान आइक', पांढऱ्या भिंतीपुढे किंवा गडद हिरव्या कुंपणापुढे फार देखणे दिसतात. पण लाल-तपकिरी विटांसमोर ते विरघळून जातात. दहा पावलांवरून बघितलं तर फूल कुठे संपतं आणि वीट कुठे सुरू होते ते कळत नाही. तुम्हाला दुसऱ्या बाजूचे हवेत, ज्यांच्या गुलाबीत पिवळ्याचा अंश नाही आणि शक्यतो थोडा पांढरा किंवा हिरवा मिसळलेला आहे. विटांपुढे तो पांढराच फुलाला उठाव देतो.

आता तारीख. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला फुलणारे लवकरचे वाण या वर्षी सोडून द्या. तुम्हाला हमखास 'आल्बर्ट हाइन' दिसेल. ज्या नावाचं सुपरमार्केट इथे कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, त्याच नावाचा हा फोस्टेरियाना गटातला सुंदर गुलाबी ट्यूलिप. फूल गुणी आहे, पण आई-बाबांचं विमान उतरेपर्यंत त्याच्या पाकळ्या गळलेल्या असण्याचीच शक्यता जास्त. 'पीच ब्लॉसम' हा १८९० सालचा दुहेरी पाकळ्यांचा वाण मला मनापासून आवडतो, पण तोही लवकरचाच. वसंत उबदार असला की सगळं दहा-पंधरा दिवस आधी फुलतं आणि थंड असला की तेवढंच उशिरा. म्हणून एकाच वाणावर भिस्त न ठेवता एकामागून एक फुलणारे तीन-चार घ्यावेत.

वाफ्याचा कणा म्हणून मी 'ओलिउल' सुचवेन. हा डार्विन हायब्रिड गटातला. पाकळी मध्यभागी गुलाबी, कडेला चंदेरी पांढरी, आणि फूल भलं मोठं. या गटाची थोडी माहिती सांगते, कारण तुमच्या कामाची आहे. डच उत्पादक लेफेबर यांनी जुन्या डार्विन ट्यूलिपचा संकर मध्य आशियातल्या डोंगरांत उगवणाऱ्या लालभडक फोस्टेरियाना या रानटी जातीशी केला आणि १९४३ च्या सुमारास हे ट्यूलिप बाजारात आले. रानटी रक्तामुळे देठ जाड, वाऱ्याला टिकणारा, आणि मुख्य म्हणजे कंद पुढच्या वर्षीही बऱ्यापैकी फुलतो. बाकीचे बहुतेक बागेतले ट्यूलिप दुसऱ्या वर्षी नुसती पानं देतात. याच गटातला 'मिस्टिक व्हान आइक' धुरकट फिकट गुलाबी आहे आणि संध्याकाळच्या उजेडात तो फार खुलतो. 'पिंक इम्प्रेशन' सगळीकडे मिळतो, दणकटही आहे, पण त्याच्या रंगात अबोलीची झाक येते. तुमच्या भिंतीपुढे मी तो लावणार नाही. हा गट साधारण एप्रिलच्या मध्यापासून फुलतो आणि २७ एप्रिलला इथल्या राजाचा वाढदिवस येतो तेव्हा सहसा ऐन भरात असतो.

त्याच्या पाठोपाठ 'चायना पिंक'. याच्या पाकळ्या टोकदार असतात आणि बाहेरच्या बाजूला वळतात. रंग स्वच्छ गुलाबी, तळाशी पांढरा. बारीक कंबरेचं फूल आहे, त्यामुळे दहा-बारा कंद जवळजवळ लावले तरच शोभतं. एकेक विखरून लावलं तर दिसतच नाही. थोडा गडद हवा असेल तर 'मारिएट' घ्या.

आणि 'ग्रूनलँड'. सगळे सोडून एकच निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. प्रत्येक पाकळीच्या मधोमध हिरवा पट्टा असतो आणि दोन्ही कडांना तो गुलाबीत मिसळत जातो. कळी आधी जवळजवळ हिरवीच असते, मग रोज थोडी थोडी गुलाबी होत जाते. हवा थंड राहिली तर फूल खूप दिवस टिकतं, म्हणजे तुमच्या आईंना तो बदल रोज सकाळी चहा घेताना बघता येईल. विटांपुढे तो हिरवा रंग इतका छान बसतो की मी दुसऱ्या कुठल्या ट्यूलिपसाठी त्याची जागा देणार नाही.

'ॲन्जेलिक' बद्दल सगळेच विचारतात. मे महिन्याच्या आसपास फुलणारा, दुहेरी पाकळ्यांचा, मोतिया ते गुलाबी अशा सगळ्या छटा एकाच फुलात असणारा हा वाण खरोखर लोभस आहे. पण पाऊस पडला की त्या भरगच्च पाकळ्यांत पाणी साठतं आणि फूल मान टाकतं. त्यामुळे तो वाफ्यात न लावता दोन मोठ्या कुंड्यांत लावा आणि फुलायला लागला की कुंड्या दाराशी, वळचणीखाली आणून ठेवा. जवळून बघण्याचंच फूल आहे ते.

मध्ये भरायला निळी फर्गेट-मी-नॉट लावा आणि शेवटच्या टप्प्यासाठी थोडे काळपट जांभळे 'क्वीन ऑफ नाइट'. त्या गडद रंगाशेजारी गुलाबी अधिक उजळ दिसतो. पिवळं काही नको. 'गुलाबी मिश्र' असं लिहिलेल्या पिशव्याही घेऊ नका, त्यात वेगवेगळ्या वेळी आणि उंचीला फुलणारे वाण असू शकतात आणि मग एकाही दिवशी वाफा भरलेला दिसत नाही.

कंद निवडताना घेर बघा, पिशवीवर सेंटीमीटरमध्ये लिहिलेला असतो. १२ किंवा त्याहून जास्त असेल तर उत्तम. कंद हाताला टणक लागला पाहिजे. वरचं तपकिरी साल निघालेलं असलं तरी चालतं, मऊ डाग मात्र नकोत. घरी आणल्यावर हवेशीर, थंड जागी ठेवा, पण सफरचंदांजवळ नको: पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली फुलाची कळी करपते. स्वयंपाकघरात कांद्यांशेजारीही नको. दिसायला सारखे असतात आणि ट्यूलिपचा कंद विषारी आहे.

नावाचे चांगले वाण ऑक्टोबरमध्ये संपत जातात, म्हणून खरेदी आधी करा, पण लावणी नोव्हेंबरमध्ये. जमीन गार झाली की बुरशीचा त्रास कमी होतो. कंदांना पुढे तीन-चार महिने थंडी लागतेच, ती मिळाली नाही तर देठ वाढत नाही. (म्हणूनच आई-बाबांनी परत जाताना कंद मागितले तर त्यांना सांगा की पुण्या-मुंबईच्या कुंडीत ते दरवर्षी फुलणार नाहीत.) खड्डा १५ सेंटीमीटर खोल, दोन कंदांत साधारण १० सेंटीमीटर अंतर. रांगेत न लावता झुबक्याने लावा.

तुमच्या भागातली माती बहुतेक ठिकाणी चिकण किंवा पीटची (कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेली), पाणी धरून ठेवणारी. लिस, हिलेगोमकडची ट्यूलिपची शेतं समुद्रकाठच्या रेताड मातीत आहेत, पाणी झरझर उतरून जातं म्हणून तिथे कंद कुजत नाहीत. तुम्ही वाफ्यात जाड वाळू मिसळा आणि वाफा हातभर नाही तरी वीतभर उंच करा. तुमच्यासारख्या लांबट वाफ्याला 'ओलिउल' तीस, 'ग्रूनलँड' वीस, 'चायना पिंक' वीस आणि कुंड्यांत मिळून 'ॲन्जेलिक' वीस, असं मी घेईन.

आई-बाबांना घेऊन क्युकेनहॉफला, म्हणजे लिसच्या ट्यूलिपच्या प्रसिद्ध बागेत, जाणार असालच, ते मेच्या मध्यापर्यंतच उघडं असतं. वाफ्यांशेजारी वाणांच्या नावांच्या पाट्या असतात. आईंना जो गुलाबी आवडेल त्याच्या पाटीचा फोटो काढून ठेवा, पुढच्या सप्टेंबरच्या यादीत तो पहिला लिहा.