स्काऊटचे डोळे रेखाटताना

सप्रेम आशीर्वाद.

‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीतील प्रसंगांवर तू केलेली रेखाटने पाहिली. रेषेवर तुझा हात चांगला बसला आहे, त्याविषयी वेगळे लिहीत नाही. स्काऊटचे डोळे मात्र तू प्रत्येक चौकटीत मोठे, पाणीदार आणि चकित काढले आहेस. त्यामुळे तिची निरागसता वाचकाला उमगायच्या आधीच तू ती त्याच्या हातात ठेवतेस.

हार्पर ली यांच्या १९६०च्या या कादंबरीत मोठी झालेली स्काऊट अमेरिकेतल्या अलाबामातील आपले बालपण सांगते, म्हणून त्या वयात तिला न कळलेलेही निवेदनातून आपल्यापर्यंत पोहोचते. चित्रात तो प्रौढ आवाज मागे पडतो आणि सगळे आत्ताच घडू लागते. फ्रेड फोर्डहॅम यांनी २०१८ साली या कादंबरीचे रूपांतर आणि रेखाटन दोन्ही स्वतः करून केलेली ग्राफिक नॉव्हेल तू वाचली आहेसच. आता शब्द कोणाचे आणि नजर कोणाची, एवढेच पाहत ती पुन्हा वाच.

तुरुंगाबाहेरचा प्रसंग घे. बलात्काराच्या खोट्या आरोपाखाली डांबलेल्या कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनला ठार मारायला आलेल्या जमावासमोर आठ वर्षांची स्काऊट त्यातल्या कनिंगहॅम यांना ओळखते आणि त्यांच्या मुलाची, त्यांच्या जमिनीच्या कज्जाची चौकशी करते. आपण काय थोपवले, हे तिला ठाऊक नसते. येथे फुग्यातले शब्द घरगुतीच राहू देत आणि भीती त्या पुरुषांच्या हातांत, खाली ओढलेल्या टोप्यांत आणि टॉमचे वकील असलेल्या तिच्या वडिलांच्या, म्हणजे अ‍ॅटिकसच्या चेहऱ्यावर दिसू दे. स्काऊटचा चेहरा साधाच ठेव.

न्यायालयात अडचण वेगळी आहे. टॉमवर आरोप करणाऱ्या गोऱ्या मायेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार लागलेला असतो, म्हणजे मारणारा डावखुरा असावा, आणि टॉमचा डावा हात कापसाच्या यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला असतो. तो उभा राहीपर्यंत गद्यात हे सहज झाकून ठेवता येते. तू मात्र त्याला पहिल्याच चौकटीत समोरून बसवलेस आणि खटल्याचा कणाच उघडा पडला. स्काऊट आणि इतर मुले वरच्या, कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या सज्जात बसलेली असतात, तेव्हा ती उंची आणि टॉमपुढचे टेबल वापर.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अन्याय पाहून हादरण्याची मुभा स्काऊट आणि तिचा भाऊ जेम यांना आहे, कारण तो त्यांच्यावर होत नाही. त्याच अलाबामात १९३१ साली स्कॉट्सबरो येथे बलात्काराच्या खोट्या आरोपावरून नऊ कृष्णवर्णीय मुलांवर खटले चालले आणि केवळ गोऱ्यांच्या ज्यूरींनी त्यांतील आठ जणांना फाशीच्या शिक्षेस पात्र ठरवले. कोवळ्या वयाने त्यांतील बहुतेकांना वाचवले नाही. टॉमलाही मुले आहेत, पण कादंबरी त्यांच्यापाशी फारशी थांबत नाही, आणि तिच्यातील कृष्णवर्णीय माणसे बरेचदा गोऱ्या मुलीच्या शहाणपणाचे निमित्त होऊन राहतात, हा आक्षेप मला रास्त वाटतो. चित्रकाराला येथे थोडी मोकळीक आहे: मजकुरातला एकही शब्द न बदलता सज्जातल्या माणसांना तू स्वतंत्र चेहरे देऊ शकतेस. सध्या ते सगळे एकाच छायेत विरले आहेत.

तेवढे न्यायालयाचे पान आधी नव्याने काढून पाठव. बाकीच्यांची घाई नाही.

कळावे.