जुन्या बिल्डिंगा न पाडता नव्यासारख्या करणारी आणि नवीन बांधकामंही करणारी एखादी आर्किटेक्ट फर्म सांगा, कोणाचं काम बघावं?

लाकातों आणि वासाल. पॅरिसची फर्म, अ‍ॅन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल, 2021 चं प्रित्झकर (आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं पारितोषिक) यांनाच मिळालं. फ्रान्सच्या बोर्दो शहरातलं ग्राँ पार्क आधी बघा, 1960 च्या सुमारासच्या सरकारी वसाहतीतल्या तीन बिल्डिंगा, मिळून 530 फ्लॅट, पाडायची चर्चा चालू होती. यांनी काय केलं तर जुन्या खिडक्या काढल्या, बाहेरून 3.8 मीटर खोल तयार मॉड्यूल क्रेनने एकावर एक रचून लावले आणि प्रत्येक घराला काचेची मोठी गॅलरी मिळाली, त्यामुळे उजेड वाढला, थंडीत हीटिंग कमी लागतं, आणि मेन म्हणजे लोक तिथेच राहत होते, ट्रान्झिट कॅम्पची भानगडच नाही! 2019 चं युरोपियन युनियनचं आर्किटेक्चरसाठीचं मीस पारितोषिक यालाच.

नवीन बांधकामात फ्रान्समधल्याच नाँत शहराचं आर्किटेक्चर कॉलेज (2009), तिथे मागितली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा दिलीय.

मला सगळ्यात भारी वाटतं ते 1996 चं, बोर्दोमधला एक छोटा चौक सुशोभित करायला सांगितला तर हे म्हणाले चांगलाय की, फक्त झाडांची काळजी घ्या आणि खडी बदलत जा. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक आणि कारंजं आलंच असतं.

मुंबईत मात्र हे जसंच्या तसं जमणार नाही, इथे रिडेव्हलपमेंटचं गणितच वाढीव एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) विकण्यावर चालतं.