भाताच्या देशातला गहू

प्रश्न : आमच्या १४ वर्षांच्या मुलीला सीलिअ‍ॅक आहे. टोकियो आणि क्योटोला दहा दिवस जाणार आहोत. ती मासे, अंडी खाते. तिकडे सगळे भातच खातात, मग फारशी काळजी नाही ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सीलिअ‍ॅक म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार. तिकडे भात खातात हे खरं, पण त्याबरोबर शोयु येतो. नेहमीचा शोयु म्हणजे सोयाबीन आणि गहू जवळपास समप्रमाणात घेऊन आंबवलेला सॉस. सूप, भाजलेल्या माशावरचा लेप, गोडसर ऑम्लेट, लोणची, सगळीकडे तो असतो. ‘गव्हाचं काही नको’ असं सांगितलं तरी स्वयंपाक्याच्या डोळ्यासमोर पाव आणि नूडल्स येतात, शोयु येत नाही. त्यामुळे जपानीत छापलेलं कार्ड हवंच आणि त्यात शोयुचं नाव वेगळं हवं. तोंडी सांगायचं तर : ‘कोमुगी, ओओमुगी, राइमुगी वा ताबेरारेमासेन. शोयु मो दामे देस.’ म्हणजे गहू, बार्ली, राय चालत नाही, शोयुही नाही.

दुसरी मेख लेबलात आहे. जपानमध्ये पाकिटावर गव्हाचा उल्लेख सक्तीचा आहे, पण बार्ली आणि राय त्या सक्तीच्या यादीत नाहीत. म्हणून शेवटी कंसात दिलेली अ‍ॅलर्जीची ओळ वाचून थांबू नका, घटकांची पूर्ण यादी बघा. ‘मुगी’ (麦) हे एकच चित्राक्षर गहू, बार्ली, राय आणि माल्ट या चारही शब्दांत येतं. ते मोठं छापून मुलीच्या खिशात ठेवा आणि दुकानात पाकिटाशी जुळवून बघायला तिलाच सांगा. (सोबा या नूडल्सच्या नावातही कधीकधी हेच अक्षर असतं. तिथे पाकीट उगाच परत ठेवलं तरी बिघडत नाही.) हॉटेलांना मात्र असं काही लिहून लावण्याची सक्ती नाही, तिथे विचारावंच लागतं.

सोबा हे बकव्हीटचं, म्हणजे कुट्टूचं, म्हणून चालेल असं अनेकांना वाटतं. पण बऱ्याच सोब्यात २० टक्के गहू असतो, आणि शंभर टक्के बकव्हीटचा मिळाला तरी तो उदोनच्याच (गव्हाच्या नूडल्सच्या) पाण्यात उकळलेला असू शकतो, वर रश्शात शोयु. टेंपुराच्या (पिठात बुडवून तळलेल्या मासे-भाज्यांच्या) तेलाचंही तेच. बसल्याबसल्या समोर येणारा गार चहा पुष्कळदा ‘मुगिचा’, म्हणजे बार्लीचा चहा असतो. पाणी मागा. मिसो (सूपमधली आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) तांदळाचा असतो तसाच बार्लीचाही असतो.

मग खायचं काय? साधा पांढरा भात (बार्ली मिसळलेला ‘मुगीगोहान’ नाही ना, हे विचारून), मीठ लावून वेगळ्या जाळीवर भाजलेला मासा, साशिमी (कच्च्या माशाचे काप), फळं. गहू नसलेल्या तामारीची (शोयुसारख्याच सॉसची) छोटी बाटली इथूनच न्या. केबिनमध्ये १०० मिलीच्या आतली चालते. तिथली प्रत्येक तामारी गव्हाविना असतेच असं नाही. पारंपरिक र्‍योकानमध्ये (जपानी पद्धतीच्या निवासात) जेवणासह बुकिंग करण्याआधी लिहून विचारा, ते कचरले तर जेवणाविना खोली घ्या.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असं आजी-आजोबा विचारतील. पावाच्या एका स्लाइसमध्ये दोनेक ग्रॅम ग्लूटेन असतं आणि रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते. म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग.

प्रश्न : बरोबर भाजणी, मेतकूट नेलं तर चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी घटक बघा. मेतकुटात बहुतेक घरी गहू असतो, भाजणीतही पुष्कळदा. गहू वगळून केली तरी गिरणीत आधीच्या घाण्याचं पीठ अडकलेलं असतं, म्हणून घरीच मिक्सरवर दळा. डब्यातल्या हिंगात बहुधा मैदा असतो, तेव्हा चिवडाही हिंगाशिवाय करा. कच्चे तांदूळ-डाळी नेऊ नका, जपानमध्ये त्यांना वनस्पती-तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. विमानात जीएफएमएल (ग्लूटेनमुक्त) हे जेवण किमान ४८ तास आधी नोंदवा, परतीच्या विमानासाठी वेगळं, आणि ट्रेमधला पाव कसला आहे ते विचारून घ्या.

प्रश्न : गव्हाने पोट फुगतं म्हणून महिन्यापासून पोळी बंद आहे. प्रवासाआधी रक्ततपासणी करावी का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : गहू बंद असताना टीटीजी-आयजीए (सीलिअ‍ॅकमध्ये वाढणाऱ्या आयजीए प्रकारच्या प्रतिपिंडांची) तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे पुन्हा पोळी खाऊनच ती करा, सोबत एकूण आयजीएही मोजून घ्या.