लेक ‘खात्री नव्हती’ म्हणते तेव्हा

नमस्कार दादा,

पत्र मिळालं. लेकीचे दहावीचे ९६ टक्के, अकरावीपासूनच्या टेस्ट सिरीजचे रँक, हॉस्टेलची फी, सगळं तुम्ही चार पानांत व्यवस्थित मांडलंय. ती स्वतः काय म्हणते ते मात्र दीड ओळीत उरकलंय. तिला दुसऱ्या ग्रहावर जीवसृष्टीच्या रासायनिक खुणा शोधायच्या आहेत आणि त्यासाठी केमिस्ट्री शिकायची आहे, आयसरला (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) किंवा साध्या बीएस्सीला. तुमचं म्हणणं असं की अवकाशातलं काम करायचं तर आयआयटीतून एरोस्पेस, तिथून इस्रो, मग नासा. बीएस्सी केमिस्ट्रीची पोरं एमआयडीसीत बारा-पंधरा हजारांवर राबतात. शेवटी लिहिलंय, ‘तिची समजूत घाला.’

करिअरचं नंतर बोलू. आधी मला पत्रात काय खटकलं ते सांगते.

दिवाळीत तिला घरी आणलं नाही, ‘अभ्यासाची लय तुटते’ म्हणून. ‘पाहुण्यारावळ्यांत पोरगी नासात जाणार म्हणून सांगून बसलोय, आता बीएस्सी कोणत्या तोंडाने सांगू,’ हेही तुम्हीच लिहिलंय. आणि चौथ्या पानाच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे, बहुधा वहिनींची: ‘फोनवर काही विचारलं की नुसतं हो म्हणते.’

ती ओळ वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सतरा वर्षांची, मुळात शंकेखोर (हा तुमचाच शब्द), प्रत्येक गोष्टीत ‘पण का?’ विचारणारी मुलगी सहा महिन्यांत सगळ्याला ‘हो’ म्हणायला लागली असेल, तर ती शहाणी झालेली नाही. तिने बोलणं सोडून दिलंय. भांडणारी मुलगी परवडते दादा, तिच्या मनात काय आहे ते तरी कळतं. तुम्हाला जी लय वाटतेय ती कदाचित नुसती शांतता असेल. ती नीट जेवते का, झोपते का, मैत्रीण आहे का कुणी, याबद्दल चार पानांत एक अक्षर नाही. तेव्हा येत्या रविवारी दोघं जा, तिला दोन-तीन दिवस घरी आणा आणि त्या दिवसांत रँक हा शब्द काढू नका. ती फारच गप्प वाटली, झोप उडालेली दिसली, तर डॉक्टरांना दाखवायला लाजू नका. मानसिक त्रासात बोलण्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, त्यावर तुम्हीही बोलू शकता. जेईई पुढच्या वर्षीही असते.

आता तुमचा मोठा गैरसमज. अवकाश म्हणजे रॉकेट आणि रॉकेट म्हणजे एरोस्पेस, हे अर्धंच खरं आहे. यान मंगळावर नेऊन उतरवायला इंजिनिअर लागतात, हजारोंनी लागतात. पण उतरल्यावर तिथल्या दगडात काय आहे हे सांगायला लागतो केमिस्ट, भूवैज्ञानिक, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. तुम्ही निफाडचे, द्राक्षांचा एक्स्पोर्टचा प्लॉट करता, म्हणजे रेसिड्यू रिपोर्ट काय चीज आहे हे मी तुम्हाला शिकवायला नको. सॅम्पल जातं, मशीनवर चढतं आणि ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलोच्या हिशेबात औषधाचा अंश सापडतो की नाही यावर कंटेनर ठरतो. एक अब्ज भागांत दहा भाग. ज्या प्रकारच्या यंत्रावर हे होतं, म्हणजे वायूरूप मिश्रण वेगवेगळं करणारं गॅस क्रोमॅटोग्राफ आणि रेणूंचं वजन मोजणारं मास स्पेक्ट्रोमीटर, त्याच प्रकारचं यंत्र ऑगस्ट २०१२ पासून मंगळावर गेल विवरात फिरतंय. क्युरिऑसिटी गाडीच्या पोटात ‘सॅम’ नावाची सुमारे ४० किलोची प्रयोगशाळा आहे. दगडाला भोक पाडायचं, भुकटी भट्टीत तापवायची, निघणारा वायू यंत्रात सोडायचा. ‘कंबरलँड’ नावाच्या चिखलदगडाची भुकटी २०१३ साली काढली. तिच्यात डेकेन, अनडेकेन, डोडेकेन हे दहा, अकरा आणि बारा कार्बनचे रेणू असल्याचं २०२५ साली जाहीर झालं. दगड सुमारे ३७० कोटी वर्षांचा. हे रेणू एके काळच्या मेदाम्लांचे (फॅटी ॲसिडचे) तुकडे असू शकतात, पण मेदाम्लं जीवाशिवायही तयार होतात. त्या शोधाचं नेतृत्व फ्रान्सच्या कॅरोलिन फ्रेसिने यांनी केलं. काम सगळं रसायनशास्त्राचं. तुमच्या लेकीला हे माहीत आहे, तुम्हाला नव्हतं. ती तुमच्यापेक्षा नेमका रस्ता सांगत होती.

दुसरी तक्रार मला जास्त बोलकी वाटली. ‘उत्तर येत असूनही प्रश्न सोडून देते. विचारलं तर म्हणते, खात्री नव्हती. आत्मविश्वासच नाही.’

तुम्हाला १९७६ ची गोष्ट सांगते. त्या वर्षी व्हायकिंगची दोन यानं मंगळावर उतरली. गिल्बर्ट लेविन यांचा प्रयोग साधा होता: मातीवर पोषक द्रव्याचा थेंब टाकायचा, त्यातला कार्बन किरणोत्सारी ठेवायचा आणि कुणी तो ‘खाऊन’ वायू सोडतंय का ते पाहायचं. वायू आला! माती आधी खूप तापवून निर्जंतुक केली तर येईना. जिवंत माती वागावी तसंच सगळं. पण शेजारच्या यंत्राला मातीत सेंद्रिय रेणू, म्हणजे जीवाचा कच्चा माल, सापडेनात. सापडले ते क्लोरीनचे दोन साधे रेणू, क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन. ते पृथ्वीवर यंत्र धुताना वापरलेल्या द्रावणाचे उरलेले अंश, असं ठरलं. फाईल बंद. मग २००८ साली फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्षार सापडले. २०१० साली मेक्सिकोच्या राफाएल नवारो-गोन्झालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतल्या अटाकामा वाळवंटाची माती घेतली, तिच्यात सेंद्रिय द्रव्य होतंच, परक्लोरेट मिसळून तापवली, आणि तेच दोन रेणू बाहेर आले. म्हणजे मंगळाच्या मातीत सेंद्रिय द्रव्य असेलही, आपणच ते तापवून जाळलं असेल. उत्तर ३४ वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि ‘धुण्याचं पाणी’ म्हणून बाजूला टाकलं होतं. लेविन २०२१ साली गेले. आपल्याला जीवसृष्टी सापडली होती हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. बहुतेकांना ते आजही पटलेलं नाही. जाता जाता, लेविन मूळचे सॅनिटरी इंजिनिअर. पिण्याच्या पाण्यातले जंतू झटपट ओळखायची पद्धत त्यांनी मंगळावर नेली. ना एरोस्पेस, ना काही.

या क्षेत्राचा इतिहास असाच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये शुक्राच्या ढगांत जीवसृष्टीची खूण मानला जाणारा फॉस्फीन वायू असल्याचं जाहीर झालं, आकडा होता अब्जात २० भाग. पुढे त्याच गटाने तो बराच खाली आणला, आणि काहींच्या मते ती खूण सल्फर डायऑक्साइडची होती. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षं दूरच्या के२-१८बी ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडची शक्यता सांगितली. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्री जीवांकडून येतो, म्हणून केवढा गाजावाजा! इतरांनी तीच मापनं पुन्हा तपासली तर खूण पुरेशी ठळक निघेना. आणि हाच रेणू एका धूमकेतूवरही सापडलेला आहे, तिथे कुठला आलाय समुद्र. (मधुसूदन बनारसच्या आयआयटीचे बी.टेक. तेव्हा इंजिनिअरिंगचा रस्ता बंद आहे असं मी म्हणत नाही. तो एकच रस्ता नाही, एवढंच.) मंगळावरच्याच पर्सिव्हरन्स गाडीने जुलै २०२४ मध्ये ठिपक्या-ठिपक्यांचा एक दगड पोखरला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावर शोधनिबंध आला, तेव्हाही जीवाच्या खुणेबद्दल नासाचा शब्द होता ‘संभाव्य’. तो नमुना नळीत भरून ठेवलाय. पृथ्वीवर आणायची योजना पैशांवरून अडकली.

ज्या कामात ‘सापडलं’ म्हणायची घाई अख्ख्या कारकिर्दीला भोवते, तिथे ‘खात्री नाही’ म्हणता येणं ही लायकी आहे. तुम्ही तिला ते खोडायला सांगताय.

मी हे गोड करून सांगत नाही. परीक्षेत या सवयीचा फटका बसतोच. आयसर आणि नायसर (भुवनेश्वरची तशीच विज्ञान संस्था) यांच्या परीक्षांतही निगेटिव्ह मार्किंग आहे, आणि चारातले दोन पर्याय चुकीचे कळले की उत्तर मारावं, हे तिलाही शिकावं लागेल. ते तंत्र आहे, दोन महिन्यांत येतं. शिवाय ती खात्रीने सोडतेय की भीतीने, हे तिला विचारल्याशिवाय तुम्हाला-मला कळणार नाही.

रस्ते तिला ठाऊक असतील, तुमच्या माहितीसाठी एका ओळीत: आयसरला आयएटी ही प्रवेश परीक्षा, नायसर आणि मुंबईच्या सीईबीएस या विज्ञान संस्थेला नेस्ट, साधी बीएस्सी केली तर पुढे एमएस्सीसाठी जॅम.

एमआयडीसीबद्दल तुमची भीती खोटी नाही. नुसत्या बीएस्सीवर पगार कमीच मिळतो. तिला एमएस्सी आणि पीएचडी करावीच लागेल, म्हणजे आजपासून नऊ-दहा वर्षं. शेवटची पाच-सहा वर्षं फेलोशिप मिळते. घर चालतं, बंगला होत नाही. मंगळाच्या रसायनशास्त्राच्या कायम नोकऱ्या जगातच मोजक्या आहेत. नासाच्या थेट सरकारी नोकरीला साधारणपणे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. बाहेरचे लोक विद्यापीठांमार्फत तिथल्या मोहिमांवर काम करतात. इस्रोची इंजिनिअर भरती वेगळी आणि अवकाश खात्याच्याच अहमदाबादच्या पीआरएल या प्रयोगशाळेतलं संशोधन वेगळं, तिथे विज्ञानाची मुलं पीएचडीला जातात. हे सगळं जमलं नाही तरी मास स्पेक्ट्रोमीटर चालवता येणाऱ्या माणसाला औषध कंपन्या, फॉरेन्सिक, पाणी आणि अन्न तपासणी इथे काम आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट (सीसीसी) या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, ती तुमच्या भागात कुणी विसरलं नसेल. सीसीसी तेव्हा आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. त्यांनी शोधलं म्हणून त्यांना सापडलं. अशी यादी काय असावी हे ठरवणारी माणसं केमिस्टच असतात.

लग्नाच्या वयाबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंय. त्यावर मी काही लिहिणार नाही, हा सल्ला कुणी विचारला की तो मुलीनेच विचारलेला असावा असा माझा नियम आहे.

तर रविवारी जाऊन या. घरी आल्यावर तिला विचारा की नेमकं काय शोधायचंय, आणि ती बोलत असेल तोवर मध्ये बोलू नका, कळलं नाही तरी. एवीतेवी हंगामात तुमचं सॅम्पल जाणारच, त्या लॅबमध्ये विचारून बघा, अर्धा दिवस मशीन जवळून बघू देतील का. बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात. उन्हाळ्यात जमलं तर लोणारला जाऊन या. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टच, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक बुलढाण्यापर्यंत येतात. जेईई मेन द्यायची का नाही हे तिला ठरवू द्या. तयारी झालीच आहे, दिली तर बिघडत नाही. आयएटी आणि नेस्टचे फॉर्म मात्र तिने स्वतः भरायचे, पसंतीक्रमासकट. तुम्ही फक्त फी भरा.

पाहुण्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. आणि पुढचं पत्र तिला लिहू दे, किंवा वहिनींना. एका ओळीत त्यांनी जे सांगितलं ते मला चार पानांपेक्षा जास्त कामाचं होतं.