एसीपी गेले म्हणून आबा रडले

"मॅडम, आमच्या आबांना वेड तर लागलं नाही ना?" सुनेनं खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. एप्रिल २०२५ मधली गोष्ट. सासरे सत्तरी ओलांडलेले, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेलं. घरात कुणी त्यांच्या डोळ्यांत कधी पाणी पाहिलेलं नव्हतं. आणि 'सीआयडी'त एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात मारले गेल्याचा भाग बघून ते ढसाढसा रडले. त्यानंतर चार दिवस जेवणात लक्ष नाही, रंकाळ्यावरचं फिरणं बंद. (घरच्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, फक्त मालिका बदलते. म्हणून आधी सरळ सांगते: पडद्यावरचं माणूस गेलं म्हणून रडणं हा आजार नव्हे. 'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली, २०१८ मध्ये थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली. एवढ्या काळात एसीपीच्या भूमिकेत शिवाजी साटमच. वीस वर्षं जो माणूस ठरल्या वेळी घरात येतो, तो मनाच्या हिशेबात ओळखीचाच होतो. हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच या एकतर्फी जवळिकीबद्दल लिहून ठेवलंय. त्या भागानंतर चॅनेलनंही श्रद्धांजली वाहावी तशी पोस्ट टाकली होती. देशभरातले प्रेक्षक चिडले, हळहळले. आबा काही एकटे नव्हते.

तरी खात्री करायला हवीच. या वयात रडू अनावर होण्यामागे मेंदूचं कारणही असू शकतं. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर काहींना वाईट वाटत नसतानाही रडू येतं. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य यांनीही माणूस बदलतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. तिथं काळजीचं काही निघालं नाही. स्मरणशक्ती तर अशी, की जुन्या भागातला खुनी कोण हे ते मला सांगत होते.

पुढच्या भेटीला सगळं घर बोलावलं आणि प्रत्येकाला एकच विचारलं, "तुम्हाला तो भाग कसा वाटला?"

मुलगा म्हणाला, "टीआरपीसाठी केलंय सगळं. पगार घेऊन कामं करत्यात ती, त्यात रडायचं काय?" सुनेला वाटत होतं, एवढ्या जुन्या माणसाला असं घालवायला नको होतं, मानानं निवृत्त करायचं. आबांच्या फिरायच्या कट्ट्यावर म्हणे वेगळंच मत होतं: साटम थकले असतील, नव्या पोरांना जागा द्यायला पाहिजे. कॉलेजातला नातू मोबाइल खाली ठेवून म्हणाला, "आजोबा, मेलेलं कुठं दाखवलंय? असल्या सिरियलीत बॉडी दाखवली नाही, म्हणजे माणूस परत येतंयच."

आबा ताडकन उठले. "बॉडी मी बी बघिटली न्हाई. आली का ती परत?"

खोलीतलं कुणीच काही बोललं नाही. मीही बोलले नाही, कारण त्यांना पुढं बोलायचं होतं.

मे २०२१. कोविडची दुसरी लाट. आबा घरात वेगळ्या खोलीत, बायको दवाखान्यात. तीन दिवसांनी फोन आला. अंत्यविधी पंचगंगा स्मशानभूमीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी केला. मुलगा लांब उभा राहिला. आबांना जाता आलं नाही, तोंड बघता आलं नाही. दिवसकार्य घरातल्या घरात उरकलं.

'सीआयडी' हा त्या दोघांचा कार्यक्रम होता. पहिल्या ब्रेकपर्यंत खुनी ओळखायचा, जो चुकेल त्यानं चहा करायचा. "हिनं मला लई चहा करायला लावला," आबा म्हणाले. २०२४ ला मालिका परत सुरू झाली तेव्हा ते एकटेच बघायला बसले. शनिवार-रविवार रात्री दहा वाजता, शेजारची खुर्ची तशीच ठेवून. हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण बाकीचे तोवर आपापल्या मोबाइलवर असायचे.

डोळ्यांनी निरोप घेता आला नाही की दुःखाला शेवट मिळत नाही. पॉलीन बॉस या अभ्यासकांनी अशा अर्धवट राहिलेल्या वियोगावर आयुष्यभर काम केलंय. कोविडमध्ये गेलेल्यांच्या घरी हे मी फार पाहिलंय, आणि मला ते अजूनही अस्वस्थ करतं. कामाला लागलेली, हसती-बोलती माणसं आतून तिथंच उभी असतात.

मी मुलाला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं, ते आबांना सांगितलंय कधी?" नव्हतं सांगितलं. त्रास होईल म्हणून चार वर्षं झाकून ठेवलेलं. मग तो सावकाश बोलू लागला. शेणी (गोवऱ्या) कशा रचल्या होत्या. किट घातलेल्या कर्मचाऱ्यांपैकी एकानं "नाव काय आईंचं?" असं विचारलं, हात जोडले आणि मगच अग्नी दिला. आबांनी मध्येच थांबवून विचारलं, "हात जोडलं त्यानं?" मुलानं मान हलवली. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं.

त्यानंतर काही आठवडे भेटी झाल्या. उपदेश कमी, आठवणी जास्त. नातवानं आजीच्या ओळखलेल्या खुन्यांचे किस्से आबांकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतले. जेवण, फिरणं पूर्ववत झालं. त्याच काळात एसीपी प्रद्युम्न मालिकेत परतही आले. आबांना हे झेपेल का, अशी मला धास्ती होती. ते एवढंच म्हणाले, "लिवणाऱ्यानं लिवलं, आलं परत. माझं तसं न्हाई, ते आता कळतंय."

घरात असं काही दिसलं तर "सिरियलच हाय की ती" म्हणून उडवून लावू नका. त्या भागातलं नेमकं काय लागलं, एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक गेलेली असेल, जगण्यात रस उरला नसेल, गॅस चालू राहणं किंवा ओळखीचा रस्ता चुकणं सुरू झालं असेल, तर वाट न बघता डॉक्टर गाठा. जवळचं माणूस जाऊन सहा महिन्यांच्या वर झाले आणि रोजचं जगणंच अडून बसलं असेल, तरीही मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आजच्या वैद्यकीय वर्गीकरणात अशा लांबलेल्या दुःखाला स्वतंत्र जागा आहे आणि त्यावर उपचारही आहेत. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर त्याच दिवशी. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं, तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.